वाचकांचे प्रश्न : पुन्हा पुन्हा बंद पडणारा रिफर्बिश्ड संगणक

प्रश्न : मी बार्शी येथे राहते आणि घरून मराठी टंकलेखनाची कामे करते. चार महिन्यांपूर्वी पुण्यातील एका दुकानातून १३,५०० रुपयांना एक रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकलेला) डेस्कटॉप घेतला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि विंडोज १० असे त्याचे स्वरूप असून वॉरंटी सहा महिन्यांची आहे. पहिले पंधरा दिवस तो उत्तम चालला. नंतर मात्र काम करता करता निळा पडदा येऊन तो आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. कधी दिवसातून एकदा, तर कधी तासात दोनदा. पडद्यावर आलेली नावे मी वहीत टिपून ठेवली आहेत : 'मेमरी मॅनेजमेंट', 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. याशिवाय दोन वेळा सकाळी सुरू करतानाच 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे दिसले आणि संगणक पुढे गेलाच नाही. रात्री मी भिंतीवरचे बटण बंद करते. सकाळी बऱ्याचदा तारीख २०१४ सालची दिसते. कॅबिनेटला हात लागला की हलक्या झिणझिण्याही येतात. तीन वेळा कॅबिनेट एसटीने पुण्याला नेऊन आणले. तिन्ही वेळा दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिले आणि तिसऱ्या वेळी ते टाकतानाच मध्ये एरर आली होती, असे तेथील मुलगा म्हणाला. आता दुकानदार सांगतात की, तुम्ही मराठी फॉन्ट टाकता म्हणून संगणक बिघडतो. दोष खरोखर माझ्याकडून होतो आहे का? वॉरंटीचे दोनच महिने उरले आहेत.

उत्तर : दोष तुमच्याकडून होत नाही, हे आधी स्पष्टपणे सांगतो, कारण तीन खेपा करूनही तुमच्यावरच ठपका यावा, हे मला वाचतानाच खटकले. फॉन्ट ही केवळ अक्षरांच्या आकारांची फाइल असते. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये फॉन्ट वाचण्याचे काम प्रणालीच्या गाभ्यातच होत असे. विंडोज १० मध्ये ते बाहेर, वेगळ्या आणि मर्यादित अधिकारांच्या प्रक्रियेत नेले आहे, त्यामुळे एखादा फॉन्ट सदोष निघाला तर अक्षरे तुटक दिसतील किंवा फार तर वर्ड बंद पडेल, पण त्यापायी दर वेळी नव्या नावाचा निळा पडदा येणार नाही. शिवाय विंडोज नव्याने टाकतानाच, म्हणजे त्यावर तुमचा एकही फॉन्ट नसताना, एरर आली होती. दुकानातल्या मुलाने सहज सांगितलेली ही गोष्ट तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

तुमच्या वहीतील नोंदी वाचल्यावर मला असे वाटते की, येथे एक नव्हे, तर दोन स्वतंत्र बिघाड आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच दुकानदाराला मूळ सापडलेले नाही. काम करताना येणारे निळे पडदे हा एक बिघाड आणि सकाळी सुरू होतानाच अडणे हा दुसरा.

पहिला बिघाड बहुतेक करून रॅमचा आहे. एखादा ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) सदोष असला, तर निळ्या पडद्यावर सहसा तेच ते नाव येते आणि त्याखाली अनेकदा एकाच फाइलचे नावही दिसते. रॅम सदोष असली, की त्या सदोष जागेत त्या क्षणी जे काही ठेवले गेले असेल ते बिघडते. आज तेथे ड्रायव्हरचा तुकडा असेल, उद्या विंडोजची स्वतःची एखादी सारणी असेल, परवा तुमच्या दस्तऐवजातील परिच्छेद असेल. म्हणून नावे बदलत राहतात, बंद पडण्याच्या वेळेला काही नेम राहत नाही आणि विंडोज टाकताना फायली उलगडण्याच्या टप्प्यावर काम अडते. ही तिन्ही लक्षणे तुमच्याकडे आहेत.

यातून निघणारी एक गोष्ट मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. रॅम तपासून होईपर्यंत या संगणकावर विंडोज पुन्हा टाकू देऊ नका आणि डिस्क दुरुस्त करणारे किंवा विंडोजच्या फायली सुधारणारे कोणतेही साधन चालवू नका. ही साधने फायली रॅममध्ये आणतात आणि तेथूनच पुन्हा डिस्कवर लिहितात. रॅम सदोष असेल, तर चांगली फाइलही दुरुस्तीच्या नावाखाली बिघडून परत जाते. हीच भीती तुमच्या कामाच्या फायलींनाही आहे. आज जे काही महत्त्वाचे असेल ते पेनड्राइव्हवर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या प्रती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा, विशेषतः ज्यांत रकमा आणि गट क्रमांक आहेत ते कागद नजरेखालून घाला.

तपासणीचा क्रम ठरवताना वॉरंटीचा विचार आधी करावा लागेल. कॅबिनेटच्या मागे स्क्रूवर दुकानाचे सील चिकटवलेले असेल, तर ते तुम्ही फोडू नका. ते फाटल्याचे निमित्त करून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. सुदैवाने रॅमची चाचणी कॅबिनेट न उघडता करता येते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एमडीशेड (एम, डी, एस, सी, एच, ई, डी) असे लिहिले की विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी उघडते. ती सुरू झाल्यावर एफ १ दाबून 'एक्स्टेंडेड' हा पर्याय निवडावा आणि एफ १० दाबून पुढे जावे. ही चाचणी वरवरची आहे, त्यामुळे तिने दोष दाखवला तर तो खराच मानावा, पण दोष दाखवला नाही म्हणून रॅम चांगली आहे असे धरू नये. अधिक भरवशाची चाचणी म्हणजे मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य प्रोग्राम. तो दुसऱ्या संगणकावरून एका रिकाम्या पेनड्राइव्हवर घ्यावा लागतो (पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते, हे लक्षात असू द्या) आणि सुरू होताना एफ १२ किंवा काही कंपन्यांच्या संगणकांवर एफ ९ दाबून त्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करावा लागतो. संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये (बायोसमध्ये) 'सिक्युअर बूट' ही अनोळखी प्रोग्रामवरून संगणक सुरू होऊ न देणारी सोय चालू असल्यास काही वेळा ते तात्पुरते बंद करावे लागते.

ही चाचणी रात्री झोपताना लावा आणि निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. सकाळी पडद्यावर लाल रंगाची एक जरी ओळ दिसली, तरी निकाल लागला असे समजा. रॅमच्या बाबतीत 'दोनचार चुका चालतात' असे काही नसते. कोट्यवधी जागांपैकी एक जागा चुकली, तरी तुमचा संगणक आज बंद पडतो तसाच बंद पडेल. त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. फोटोत चुकांचा आकडा आणि किती वेळ चाचणी चालली तो वेळ, दोन्ही वाचता आले पाहिजेत.

यापुढचे काम कॅबिनेट उघडून करायचे आहे आणि ते दुकानात, तुमच्या समोर व्हावे. तुमच्या ८ जीबीच्या बहुधा ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या असतील. कार्यालयांमधून निघालेल्या या डेस्कटॉपमध्ये मूळची एक पट्टी असते आणि विकण्यापूर्वी दुसरी कुठल्यातरी जुन्या संगणकातली काढून जोडतात, असे अनेकदा आढळते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतच नाहीत असे नाही, पण संशय घ्यायचा झाला तर तो मागाहून आलेल्या पट्टीवर आधी घ्यावा. एक पट्टी पूर्ण काढून ठेवून दुसरीवर चाचणी घ्यायची, मग उलट करायचे, आणि जी पट्टी चुका दाखवेल ती दुसऱ्या स्लॉटमध्ये (पट्टी बसवण्याच्या खाचेत) लावून पुन्हा पाहायचे. चुका पट्टीबरोबर गेल्या तर पट्टी खराब. पट्टी कोणतीही लावली तरी एकाच स्लॉटमध्ये चुका येत असतील, तर तो स्लॉट म्हणजेच मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य फलक) खराब. दोन्ही पट्ट्या दोन्ही स्लॉटमध्ये चुकत असतील, तर मात्र नजर प्रोसेसरकडे आणि एसएमपीएसकडे (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) वळवावी लागते, कारण या पिढीत रॅमचे नियंत्रण करणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम येथे कसोशीने पाळायला हवा. पट्टी, स्लॉट आणि विंडोज तिन्ही एकदम बदलून संगणक चालू झाला, तर तो कशाने झाला हे कोणालाच कळत नाही आणि पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा एसटीत असता.

येथे आणखी एक शक्यता नोंदवतो. बार्शी ते पुणे हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतर या संगणकाने सहा वेळा बसमधून कापले आहे. धक्क्यांनी रॅमची पट्टी केसभर वर सरकू शकते. वरून ती बसलेली दिसते, पण खालचे सोनेरी पट्टे नीट टेकलेले नसतात. पट्टी दोन्ही टोकांना अंगठ्यांनी दाबल्यावर बाजूच्या खिट्या 'टक्' आवाज करून आपोआप मिटल्या पाहिजेत. सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर असेल, तर तो खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मी स्वतः आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या कापडाने पुसणे पसंत करतो, कारण खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की नवीनच दुखणे सुरू होते.

आता सकाळच्या बिघाडाकडे येतो. बटण बंद केल्यावर तारीख मागे जाते, याचा अर्थ मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. सीआर २०३२ या क्रमांकाचा हा ३ व्होल्टचा सेल किरकोळ किमतीत घड्याळाच्या दुकानातही मिळतो. भिंतीवरचे बटण चालू असते तेव्हा एसएमपीएसमधूनच घड्याळाला वीज मिळत राहते, म्हणून दुकानात दिवसभर लावून ठेवलेल्या संगणकावर हा दोष दिसत नाही. तुमच्याकडे रात्री बटण बंद होते, म्हणून तो दिसतो. सेल संपला की काही मदरबोर्डांवर तारखेबरोबर बाकीची मांडणीही कारखान्यातून आली तशी होते. त्या मांडणीत डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची याचाही पर्याय असतो. दुकानदाराने विंडोज टाकताना 'एएचसीआय' हा पर्याय निवडला असेल आणि सेल संपल्यामुळे तो सकाळी मूळच्या 'रेड' किंवा 'आयडीई' या पर्यायावर गेला असेल, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि नेमका 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' हाच पडदा येतो. असे असेल तर सेल बदलून तो पर्याय पूर्ववत करणे एवढेच काम होते; त्यासाठी पुन्हा विंडोज टाकण्याची आणि तुमच्या फायली पुसण्याची काहीच गरज नव्हती.

एसएसडीकडेही एकदा पाहून घ्यावे. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रोग्राममध्ये डिस्कची प्रकृती आणि ती एकूण किती तास चालली आहे ते दिसते. तुम्हाला 'नवीन एसएसडी' म्हणून सांगितले असेल आणि तेथे हजारो तास दिसत असतील, तर ही स्वतंत्र तक्रार होते. सीआरसी चुकांचा (माहिती केबलमधून येता-जाता होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर डिस्कऐवजी तिची केबल आधी बदलून पाहावी.

उष्णतेचा संशय मला कमी आहे, कारण तापून बंद पडणारा संगणक बहुधा निळा पडदा न दाखवता दिवा विझावा तसा एकदम विझतो. तरीही सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि दहा वर्षांच्या संगणकातील प्रोसेसरवरची, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, म्हणून कॅबिनेट उघडलेच आहे तर पेस्ट बदलून घ्यावी. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका विद्यार्थ्याचा संगणक आला होता. त्याने रॅम, एसएमपीएस आणि डिस्क असे सगळे बदलून पाहिले होते. शेवटी पंख्याच्या चार खिट्यांपैकी एक मदरबोर्डमध्ये पूर्ण बसलेली नव्हती, एवढाच दोष निघाला. पंख्याला बोटाने हलवल्यावर तो एका कोपऱ्यात किंचित उचलला जात होता. काम जड झाले की प्रोसेसर तापे आणि संगणक विझे. तेव्हापासून मी कॅबिनेट उघडले की पंख्याचे चारही कोपरे आधी दाबून पाहतो.

झिणझिण्यांची गोष्ट मात्र संगणकापेक्षा तुमच्या घराची आहे आणि ती सर्वांत आधी मिटवावी. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगले असेल, तर त्यातून झिरपणारी अल्पशी वीज जमिनीत जाते; अर्थिंग नसेल, तर ती पत्र्यावरच राहते आणि हाताला जाणवते. वायरमनला बोलावून त्या सॉकेटमध्ये फेज व अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट मिळतात का आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातील फरक अगदी थोडा आहे का, हे मीटर लावून पाहायला सांगा. कॅबिनेटला तीन पिनांचीच वायर असावी आणि ती सैल एक्स्टेंशन बोर्डावर नसावी. अर्थिंग होईपर्यंत संगणक चालू असताना ओल्या हाताने किंवा अनवाणी पायांनी पत्र्याला स्पर्श करू नका.

आता वॉरंटीविषयी. यापुढे दुकानदाराशी फोनवर बोलून थांबू नका. जे बोलाल ते लगेच ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. त्यात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, कॅबिनेटवरील सिरियल क्रमांक, तीन वेळा नेल्याच्या तारखा, वहीतील नोंदी आणि मेमटेस्टचा फोटो द्या, आणि रॅम व सेल बदलून देण्याची मागणी नेमक्या शब्दांत करा. केवळ पट्ट्या पाठवून बदलून मिळत असतील, तर कॅबिनेट नेण्याचा आग्रह धरू नये, असेही सुचवा. सील कोणी काढायचे याची परवानगी मात्र त्यांच्याकडून लेखी घ्या. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तुम्ही या संगणकावर व्यवसाय करता म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी म्हटले तर ते मानू नका. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायची वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकच ठरते. याच कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला पुण्याला नव्हे, तर सोलापूरच्या आयोगाकडे जाता येईल. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बिल नीट जपून ठेवा.

प्रश्न : मी नाशिक येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे आणि रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेण्याचा विचार आहे. दुकानात अर्धा तास मिळाला, तर काय तपासावे?

उत्तर : अर्ध्या तासात बरेच कळते. आल्या आल्या संगणकाची वायर भिंतीतून काढायला सांगा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा आणि तारीख-वेळ टिकली का ते पाहा. वर बार्शीच्या वाचकांना आलेली अर्धी अडचण एवढ्याने दुकानातच उघडी पडली असती. ती दहा मिनिटे कॅबिनेट उघडून पाहण्यात घालवा. मदरबोर्डवरील उभ्या नळीसारख्या कपॅसिटरांची डोकी सपाट असावीत. ती फुगलेली किंवा तेथे तपकिरी डाग दिसले, तर तो संगणक घेऊ नये. रॅमच्या पट्ट्यांवरची लेबले एकसारखी आहेत का, तेही तेव्हाच दिसते. संगणक चालू झाल्यावर डिस्कचे तास पाहा आणि उरलेला वेळ विंडोजची मेमरी चाचणी लावा.

प्रोसेसर निवडताना थोडे पैसे वाढवावे लागले तरी आठव्या पिढीच्या खालचा इंटेल प्रोसेसर घेऊ नका, असा माझा सल्ला आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ अधिकृतपणे सातव्या व त्याआधीच्या जवळपास कोणत्याच पिढीवर चालत नाही, टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षेची सोयही लागते. काही दुकानांत जुन्या प्रोसेसरवर आडवाटेने विंडोज ११ टाकून दिलेले असते. ते आज चालेल, पण पुढची मोठी आवृत्ती मिळेलच याची खात्री नसते. चौथ्या पिढीचा संगणक आधीच घरात असेल, तर त्यावर लिनक्स टाकून तो सुखाने वापरता येतो आणि इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठीही लिहिता येते.

बिलावर केवळ 'डेस्कटॉप १ नग' असे लिहून घेऊ नका. प्रोसेसरचा क्रमांक, रॅमच्या पट्ट्या किती व किती जीबीच्या, डिस्क नवी की वापरलेली, सिरियल क्रमांक आणि वॉरंटीत नेमके कोणते भाग येतात, हे सगळे त्यावर लिहून त्याखाली शिक्का मारून घ्या.